चावी कोणाच्या सांगण्यावरून फिरते

गौरवग्रंथात काय लिहावं याचे काही संकेत असतात. संपादकांनी ते मला फोनवर नीट समजावून सांगितले. आधी पहिली भेट, मग कार्य, मग स्वभाव, एखादी हृद्य आठवण आणि शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. "आणि परबसाहेब, राग जरा आवरा," असंही ते म्हणाले. माझी सगळी नोकरी एसटीत गेली. आधी कंडक्टर होतो, नंतर ठाण्याला खोपटच्या आगारात वाहतूक नियंत्रक. राग आवरणं हाच आमचा धंदा होता. आता निवृत्त झालोय, तेव्हा आवरणार नाही. प्रा. शकुंतला अहिरे यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. ज्या दिवसांत त्यांच्या अंगावर शाल घालण्याची तयारी चालली होती, त्याच दिवसांत आमच्या गौरव समितीनं त्यांच्या शेजारच्या चाळीचं पाणी पळवलं. पळवलं तेही बाईंच्या नावानं. हे न लिहिता बाईंच्या कार्यावर चार गोड परिच्छेद लिहिणं मला जमणार नाही. छापायचं तर छापा, नाहीतर लेख परत करा, असं मी संपादकांना सांगून ठेवलंय.

आता पहिली भेट. मी नवा कंडक्टर होतो, राहायला कळव्याला, आणि कल्याणच्या एका महाविद्यालयात सकाळच्या सत्रात बी.ए.ला नाव घातलेलं. ड्युटी दुपारची असायची म्हणून खाकी कपड्यांतच वर्गात जायचो आणि मागच्या बाकावर बसायचो. बाई राज्यशास्त्र शिकवायच्या. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. माझ्या तोंडात शाळेतलं 'बाई' बसलेलं, ते सुटलं नाही आणि बाईंनीही सोडवलं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं.

"तुम्ही एसटीत आहात का?"

"हो बाई."

"गाडी कोणाच्या सांगण्यावरून सुटते?"

"वेळापत्रकाच्या."

"आणि साहेबांचा माणूस येतोय, जरा थांबवा, असा फोन आला तर?"

"मग थांबवतो," मी म्हणालो. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "थांबलेल्या गाडीत आधीपासून कोण बसलेलं असतं?"

मला एकदम ती माणसं डोळ्यांसमोर आली. कोर्टात तारीख असलेला म्हातारा, मांडीवर आजारी पोर घेतलेली बाई, मुरबाडच्या बाजूला परत निघालेले मजूर. बाईंनी विचारलं, "ते काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. फार तर म्हणतात, आपलीपण कुठे ओळख असती तर बरं झालं असतं."

"हेच लिहून घ्या," बाई वर्गाला म्हणाल्या. "गाडी थांबली म्हणून राज्य मोडत नाही. आत बसलेल्या माणसाला वेळापत्रक नको, ओळख हवी, असं वाटायला लागलं की ते मोडायला सुरुवात होते."

त्या दिवशी दुपारी ड्युटीवर गेलो तेव्हा डोकं भणभणत होतं. तोवर मला कोणी गाडीत बसलेल्या माणसांबद्दल विचारलंच नव्हतं. वरिष्ठ विचारायचे ते उत्पन्नाचं.

सरकारं कोसळतात ती कुठेतरी लांबच्या देशांत, असं आम्हा पोरांना वाटायचं. उघड्या जीपमध्ये बंदुका घेतलेली माणसं, जळणारी राजधानी, विमानातून पळून जाणारा राष्ट्राध्यक्ष. बाई तेही शिकवायच्या, आणि फार बारकाईनं शिकवायच्या. कर गोळा करता येईना, शिपायाला पगार मिळेना, मग तो शिपाई रस्त्यात लोकांकडून वसूल करू लागला, मग लोक त्याच्यापासून वाचायला गल्लीतल्या दादाकडे गेले आणि एक दिवस दादाच सरकार झाला, अशी ती साखळी त्या एकेक कडी हातात देत सांगायच्या. सत्तेवर असणं वेगळं आणि काम करता येणं वेगळं, हा त्यांचा मूळ मुद्दा. खुर्चीत माणूस आहे, दारावर पाटी आहे, गाडीवर दिवा आहे, म्हणजे सरकार आहे असं नाही. त्यांची कसोटी साधी होती. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळणार नाही, अशा माणसाचं काम ते करू शकतं का? करू शकत असेल तर ते सरकार. नाहीतर तो नुसता एक मोठा ओळखीचा माणूस झाला.

एवढं ऐकून घरी जायची सोय नव्हती. दरवर्षी बाई आम्हाला एखाद्या सरकारी कचेरीत नेऊन बसवायच्या. आम्ही त्याला 'बैठक' म्हणायचो. कामकाज सुरू होण्यापासून बंद होईपर्यंत लोकांच्या बाकावर बसायचं, कोणाशी वाद घालायचा नाही, कोणाचं काम रांगेनं होतं आणि कोणाचं बाजूच्या दारानं, ते बघायचं. आमची बैठक रेशनिंगच्या कचेरीत झाली. संध्याकाळी बाहेर पडल्यावर आमच्यातला एकजण तणतणत म्हणाला, "मॅडम, सगळे कामचुकार आहेत. एक माणूस एवढी गर्दी, आणि तो आपला आरामात."

"खिडक्या किती होत्या?" बाईंनी विचारलं.

"चार."

"उघडी किती?"

"एकच."

"बाकीच्या खिडक्यांमागची माणसं कुठे गेली?"

त्याला माहीत नव्हतं. बाईंनी त्याला परत आत पाठवलं. तो विचारून आला. तिघं निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागा भरल्याच नव्हत्या. "म्हणजे तू दिवसभर शिव्या कोणाला दिल्यास?" बाई म्हणाल्या. "जो आला त्याला. जो नेमायचा राहिला त्याला शिवी ऐकूच येत नाही." आणि हे सांगणाऱ्या याच बाईंनी दुपारी, त्या एकुलत्या एका कारकुनाचा चहा फारच लांबला तेव्हा, खिडकीवर टकटक करून विचारलं होतं, "झाला असेल तर येता का? लोक उभे आहेत." तो निमूट आला होता. बाईंचं माप दोन्हीकडे सारखं चालायचं.

पुढे खोपटला चौकशीच्या खिडकीत बसून मी याच शिव्या खाल्ल्या. ड्रायव्हर नाही म्हणून फेरी रद्द, असं भोंग्यावरून सांगायचं आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून आपल्या आईबहिणीचा उद्धार ऐकायचा. ड्रायव्हर का नाही? कारण भरती नाही. भरती का नाही? कारण एसटी तोट्यात. तोट्यात का? कारण फेऱ्या रद्द होतात, माणसं वडापच्या खासगी जीपकडे जातात. हे चक्र बांधणारी माणसं कधी खिडकीशी आली नाहीत. आपणच सरकारचे पाय बांधायचे आणि मग ओरडायचं की हा लंगडा आहे, आता ठेकेदार आणा. आणि हे ऐकून शहाणीसुरती माणसं माना डोलावतात. रस्ता, शाळा, दवाखाना, पाणी, कशाचंही नाव घ्या, तीच कथा. माझा बीपी याच विषयावर वाढतो, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय.

बाईंना हे वेड कुठून लागलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या कल्याणजवळच्या मोहन्याच्या. वडील तिथल्या कारखान्यात कामगार, बौद्ध कुटुंब, वस्तीत एकाचीही कुठे ओळख नाही. शाळेत नाव घालायला वडील त्यांना घेऊन गेले तेव्हा एका शिक्षकांनी आधी कोणाची चिठ्ठी आहे का असं विचारलं. मुख्याध्यापकांनी त्यांना थांबवलं, नियमाचा कागद काढला, मोठ्यानं वाचला आणि नाव घातलं. एवढंच. ते मुख्याध्यापक काही फार प्रेमळ नव्हते, पुढे वर्षभर बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. "म्हणूनच ते मला आवडतात," बाई म्हणाल्या. "त्यांना मी आवडत नव्हते, तरी माझं नाव लागलं. ज्याची ओळख असते त्याला नियम म्हणजे कटकट वाटते. आमच्याकडे दुसरं होतं काय?"

या स्वभावाचा चटका मलाही बसलाय. माझी मुलगी नर्स झाली. पालिकेत जागा निघणार असं कानावर आलेलं. बाईंचा एक विद्यार्थी त्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. मी डोंबिवलीला बाईंच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, एक फोन करा. पोरगी हुशार आहे, कोणाचा हक्क मारत नाहीये." बाई म्हणाल्या, "हुशार आहे तर मग फोन कशाला?" मी चिडून निघून आलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलीलाच बोलावून घेतलं आणि पुढे कित्येक महिने रोज परीक्षेचा अभ्यास करून घेतला. स्वतः आधी वाचायच्या, मग तिला समजावून सांगायच्या. दुपारी जेवायलाही वाढायच्या. मुलगी मनापासून तयार झाली आणि ती भरती निघालीच नाही. जागा कंत्राटानं भरल्या. आज ती त्याच कामावर ठेकेदाराची माणूस म्हणून आहे, अर्ध्या पगारात, आणि तिच्या शेजारी उभी असलेली मुलगी कोणाच्या तरी फोननं आलेली आहे. मी आजही म्हणतो, बाईंनी तो फोन करायला हवा होता. बाई आजही नाही म्हणतात. मुलगी मात्र बाईंच्या बाजूची. ती मला म्हणते, "बाबा, त्यांनी फोन केला असता तर मला काही शिकवलं नसतं." गौरवलेखात असं लिहीत नाहीत, पण मग माझा आदर कशावर उभा आहे ते कळणार नाही. माणूस आपल्याला नको ते सांगतो आणि तरी आपण त्याच्याच दारी जातो, याला मी आदर म्हणतो.

आता पाण्याचं.

बाई डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही. पालिकेचं पाणी इतकं बारीक येतं की तळाची टाकी भरत नाही, पंप लावता येत नाही, आणि माणसं खालच्या नळावरून बादल्या वर नेतात. बाईही नेतात, अर्धी अर्धी बादली. सोसायटीनं पालिकेकडे केलेला अर्ज कधीचा पडून होता. हे आमच्या समितीचे कार्याध्यक्ष विजयराव यांनी पाहिलं. विजयराव बाईंचे जुने विद्यार्थी, आता बांधकामाच्या व्यवसायात. माणूस मनाचा मोठा आहे. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "शाल आणि नारळ सगळेच देतात. आपण मॅडमना पाणी देऊ." टाळ्या पडल्या म्हणे. मी त्या बैठकीला गेलो नव्हतो, गुडघ्यावर शेक घेत घरी होतो. विजयरावांनी तिथूनच भाऊंना फोन लावला. भाऊ कोण, हे इकडे कोणी विचारत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. निवडून आलेले असोत की नसोत, सकाळी ज्यांच्या ऑफिसच्या दारात चपलांचा ढीग पडतो ते भाऊ. प्रत्येक भागाला एक असतात. काम झालं.

बाईंच्या इमारतीला धो धो पाणी यायला लागलं. बाईंनी मला फोन केला. त्यांचा आवाज इतका आनंदी मी फार दिवसांनी ऐकला. "परब, आमच्या सोसायटीचा अर्ज बहुतेक खरंच कोणीतरी वाचला हो." जन्मभर जिनं सरकार म्हणजे काय ते शिकवलं, तिला वाटलं की सरकारनं तिचा अर्ज वाचला.

चार दिवसांनी मागच्या चाळीतल्या सुरेखाबाई बाईंच्या दारात आल्या. सुरेखाबाईंचं पोळी-भाजीचं केंद्र आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला जाणाऱ्या किती घरांचं जेवण त्यांच्या पोळपाटावर होतं, हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे पाणी कसं काय येतं हो? आमच्या नळाला नुसती हवा येते. कणीक मळायला विकतचं पाणी आणतेय मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई जिने उतरून नाक्यावर गेल्या. तिथे जमिनीखाली पाण्याच्या लाइनला दोन फाटे फुटतात, एक चाळीकडे, एक इमारतींकडे. पाणी सोडणारा दत्ता लोखंडी चावी घेऊन येतो आणि आधी एक फाटा उघडतो, मग दुसरा. चाळ शेवटच्या टोकाला, म्हणून तिचा फाटा नेहमी आधी उघडायचा. बाईंनी विचारलं, "दत्ता, चाळीचं पाणी का कमी केलंस?"

"मला काय विचारता मॅडम? तुमच्यासाठीच तर केलं ना." तो भाबडेपणानं म्हणाला. "तुमचा सत्कार आहे, तुमची लाइन आधी सोड, चाळीची मागनं, असं सांगितलेलं. मागनं सोडली की प्रेशर उरत नाही."

"कोणी सांगितलं?"

"सुपरवायझरचा फोन आलेला. त्याला कोणाचा आला ते मला कुठे माहीत? मी ठेक्यावर आहे मॅडम. नाही म्हटलं तर उद्या दुसरा कोणी चावी घेऊन उभा राहील."

त्याच दुपारी बाईंनी समितीला घरी बोलावलं. मीही गेलो. बाईंच्या घरी चहा विचारला गेला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. समितीत एक डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी, दोन प्राध्यापक आणि विजयराव. सगळे खाली मान घालून बसलेले. सुरेखाबाई दाराशी उभ्या.

"मॅडम, आम्ही प्रेमापोटी केलं," विजयराव म्हणाले.

"मला ते ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "त्याचंच वाईट वाटतंय. तुम्ही लाच खाऊन केलं असतं तर मी तुम्हाला चोर म्हणून मोकळी झाले असते. तुम्ही माझ्या वर्गात बसलात, चांगले गुण मिळवलेत, आणि माझ्यावर प्रेम दाखवायची वेळ आली तेव्हा तुम्हाला हेच सुचलं. मग मी तुम्हाला शिकवलं काय?"

"आत्ता फोन करतो. एका तासात चाळीला पाणी येईल," विजयरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"नको," बाई म्हणाल्या.

तेव्हा दारातून सुरेखाबाई बोलल्या. "नको का? मॅडम, तुमचं शिकवणं तुमच्यापाशी राहू द्या. मला उद्याची कणीक मळायचीये. करू दे ना त्यांना फोन."

खरं सांगतो, मला सुरेखाबाईंचं पटलं होतं. तत्त्व बाईंचं आणि घसा चाळीचा कोरडा, हे काही बरोबर नव्हतं. बाईंनाही ते दिसत होतं.

"तू बरोबर बोलतेयस," त्या सुरेखाबाईंना म्हणाल्या. "पण फोननं आलेलं पाणी फोननंच जाईल, सुरेखा. आज माझ्या नावानं तुझं गेलं. उद्या तिसऱ्या कोणाच्या नावानं दोघींचं जाईल, आणि तेव्हा आपण कोणाकडे जायचं? मला ते कागदावर परत आणू दे. तोवर तुझी चूल थांबणार नाही, ते मी बघते." मग समितीकडे वळून त्या म्हणाल्या, "बादल्या मोरीत आहेत."

डॉक्टर, अधिकारी, प्राध्यापक, सगळे उठले. बाईंच्या नळाचं पाणी भरून दोन जिने उतरायचे आणि मागच्या गल्लीतून चाळीत नेऊन पिंपात ओतायचं. विजयरावांच्या हातात सोन्याचं कडं, ते मनगटावर मागे सारून त्यांनी खेपा घातल्या. इमारतीतली माणसं गॅलरीतून बघत होती. एकजण ओरडला, "आमच्या टाकीतलं पाणी चाललंय हो." बाई वरून म्हणाल्या, "त्यांचंच आहे, परत चाललंय." पुढचे काही दिवस समितीच्या खेपांच्या पाळ्या लागल्या. या गौरव समितीनं केलेलं हे एकमेव खरं काम.

मग बाई सुरेखाबाईंना आणि मला घेऊन प्रभाग कार्यालयात गेल्या. पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता तरुण होता, डोळे तारवटलेले. तीन प्रभागांचं काम त्याच्या एकट्यावर. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तक्रार घेतो. पण रद्द काय करू? कागदावर काही बदललेलंच नाही. कागदावर चाळीला आजही आधी पाणी आहे. जो हुकूम निघालाच नाही तो मागे कसा घ्यायचा?" वर त्यानं आपुलकीनं पुस्ती जोडली, "ज्यांनी फोन केला त्यांनाच सांगा ना. लगेच होईल."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. पण राग कशाचा आला ते लिहायलाच हवं. तो पोरगा हरामखोर नव्हता. तो खरं बोलत होता. पाणी पळवायला एक फोन पुरतो, आणि ते परत द्यायला अख्ख्या पालिकेकडे रस्ता नाही. इमारत पालिकेची, टेबल पालिकेचं, शिक्का पालिकेचा, आणि चावी फिरते कोणाच्या तरी दिवाणखान्यातून. वर तोंड करून आम्ही जगातल्या बुडालेल्या देशांवर चर्चा करतो. अरे, बुडायला आणखी काय लागतं?

बाईंनी मला खाली बसवलं. "परब, त्यांना ओरडू नका. निदान आपल्या जागेवर आलेत ते," त्या म्हणाल्या आणि अभियंत्याला म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा. मी बाहेर बसते." त्या बाकावर बसल्या. कार्यालय बंद झालं तेव्हा उठल्या, दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा परत येऊन बसल्या. पंचाहत्तरीची बाई, सोबत पाण्याची बाटली आणि डबा. सुरेखाबाई पहिल्या दिवशी तासाभरानं निघाल्या, त्यांचा धंदा होता. त्या गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बघा, नियमाची वाट बघायलासुद्धा पेन्शन लागते. तिला ती चैन परवडत नाही, म्हणून ती फोन कर म्हणाली. तिला कशी चूक म्हणू?"

तिसऱ्या दिवशी तो अभियंता स्वतःच बाहेर आला आणि बाकावर बाईंच्या शेजारी बसला. "मॅडम, मलापण फोनच आलेला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नाही म्हटलं तर बदली. आणि माझ्या जागी कोणी येणारपण नाही, जागा रिकामीच राहील."

"मग सही करा," बाई म्हणाल्या. "चाळीला किती वाजता, इमारतींना किती वाजता, ते लिहा, खाली तुमचं नाव घाला आणि नाक्यावर लावा. पुढचा फोन आला की सांगा, सही झालीय, लोकांनी वाचलीय. नाही म्हणायला माणसाच्या पाठीशी भिंत लागते. तुमच्यामागे कोणी बांधली नाही, तर आपण बांधू."

त्यानं सही केली. वेळा नाक्यावरच्या भिंतीवर रंगवल्या. दत्तानं दुसऱ्या दिवसापासून चाळीचा फाटा आधी उघडला. हे किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही. भाऊंच्या दारातल्या चपला काही कमी झालेल्या नाहीत.

इमारतीचं पाणी पुन्हा बारीक झालं. बाई पुन्हा अर्धी अर्धी बादली वर नेतात. इमारतीतले लोक त्यांच्याशी बोलत नाहीत, जिन्यात समोर आले तर मोबाइलमध्ये बघतात. सोसायटीचा जुना अर्ज तसाच पडून आहे, आणि बाईंनी त्यासाठी आता नव्यानं खेपा सुरू केल्यात. सुरेखाबाईंची दोन-तीन गिऱ्हाइकं त्या दिवसांत दुसरीकडे गेली ती परत आली नाहीत. मी त्यांना म्हणालो, "बाईंचे आभार तरी माना." त्या फटकन म्हणाल्या, "आभार कशाचे? पाणी माझंच होतं."

मी हे बाईंना जरा तक्रारीच्या सुरातच सांगितलं. बाईंचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. "असं म्हणाली?" त्यांनी दोनदा विचारलं. "परब, एवढं एक वाक्य लोकांना म्हणता यावं म्हणून तर मी शिकवत होते."

बाई, आता शुभेच्छा. शतायुषी व्हा असं म्हणायची रीत आहे आणि मी ते मनापासून म्हणतो. तुमचे गुडघे धड राहोत, डोळे राहोत, आवाजाची धार राहो. पण माझा राग गेलेला नाही आणि तो या समारंभातही मी घेऊन येणार आहे. एका चाळीला तिचंच पाणी मिळावं म्हणून पंचाहत्तराव्या वर्षी तुम्हाला तीन दिवस बाकावर बसावं लागलं. ज्या गल्लीत तुम्ही राहत नाही तिथे कोण बसणार? याचं उत्तर तुम्हाला हार घालणाऱ्यांनी द्यायचं आहे, तुम्ही नाही. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, बाई, आणि त्यातला एकही दिवस यापुढे कोणाच्या नळासाठी खर्च करावा लागू नये.

— सुधाकर परब, कळवा